मधल्या खुंटीची किल्ली

मित्रांनो, माझ्या अंगावर पाच खुंट्या आहेत आणि पाचही रिकाम्या आहेत. मी किल्ल्या टांगायची जुनी फळी. सध्या माझा मुक्काम बाल्कनीत, फुटक्या बादलीमागे. माझी मधली खुंटी ढिली होती, असा ठपका माझ्यावर आहे. तो खोटा आहे हे तिघांनाच ठाऊक होतं. एक आता या जगात नाही, दुसरा तोंड उघडणार नाही. उरले मी, म्हणून सांगते.

मला घडवलं कुलूपवाल्या काकांनी. काकांचं कुलूप दुरुस्तीचं दुकान होतं. अर्ध्या वस्तीच्या किल्ल्या त्यांच्या हातून घासून गेलेल्या. एकदा त्यांच्याच घरी चोरी झाली. चोराने दाराशेजारची काच फोडली, आत हात घातला आणि कडी काढली. लोक हसले. काकांना ते फार लागलं. त्यांनी दुकान चार दिवस बंद ठेवून एक कुलूप बनवलं, आतूनही किल्लीनेच उघडणारं. आता चोराने हात घातला तरी तो हात हलवत बसला असता.

काकूंनी ते कुलूप उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "आणि आत आग लागली तर? मी किल्ली शोधत फिरू का घरभर?"

काकांना बायकोचं म्हणणं पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराच्या चौकटीतून उरलेलं लाकूड घेतलं आणि मी जन्माला आले. ज्यांची कुलपं कधीच मोडीत गेली होती अशा पाच जाडजूड पितळी किल्ल्या त्यांनी वाकवल्या आणि खुंट्या म्हणून माझ्यातून आरपार ठोकून बसवल्या. दाराच्या उजव्या हाताला, काकूंच्या खांद्याच्या उंचीवर, मला भिंतीत पक्कं केलं.

मग घराचा नियम ठरला. घरात पाऊल टाकलं की आधी आपली किल्ली आपल्या खुंटीवर, मग चप्पल काढायची. बाहेर जाणाऱ्याने आपल्या किल्लीने दार बाहेरून लावायचं. मधल्या खुंटीची किल्ली मात्र आत असणाऱ्याची. आकाश कोसळलं तरी ती उंबरठा ओलांडणार नाही. काका मुलाला रविवारी दारापासून लांब उभं करायचे आणि डोळे मिटून मधली किल्ली काढून दार उघडायला लावायचे. दहा आकडे मोजेपर्यंत तो दार उघडायचा आणि पाठ थोपटून घ्यायला वडिलांसमोर उभा राहायचा. मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटे. आज ते आठवलं की जीव जळतो.

वीस वर्षं मी हे काम केलं. पाहुणे मला बघून कौतुक करायचे, "घर असावं तर असं," म्हणायचे. या घरात किल्ली हरवली म्हणून कुणाची गाडी चुकली नाही, की सकाळी आरडाओरडा झाला नाही. मग काकू गेल्या. काकांनी दुकान बंद केलं, बाहेर जाणं सोडलं. मुलाचं लग्न झालं, काकूंची किल्ली सुनेकडे आणि काकांची मुलाकडे गेली, मुलाला नोकरी लागली, आणि नियम हळूहळू वडिलांचं खूळ ठरला.

माझ्यावर आधी छत्री आली, मग भाजीची पिशवी, मग फोन चार्ज करायची वायर. पाचव्या खुंटीवर मुलाचं जाकीट. त्याची स्वतःची किल्ली मात्र कधी फ्रिजवर, कधी वर्तमानपत्राखाली, एकदा तर तांदळाच्या डब्यात निघाली. सून वैतागायची, खुंटी हाताशी आहे तर तिथे का ठेवत नाही, असं रोज विचारायची. तो म्हणायचा, एवढं काय त्यात. मित्रांनो, या तीन शब्दांनी जेवढी घरं बसली आहेत, तेवढी वाळवीने बसली नसतील.

त्या सकाळी सून आपली किल्ली घेऊन कधीच बाहेर पडली होती. मुलाला उशीर झाला होता. त्याने गाद्या उलथल्या, खिसे चाचपले. किल्ली सापडेना. काका आतल्या खोलीत झोपले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, क्षणभर थांबला, आणि मधली किल्ली काढली. दार बाहेरून लागलं. कुलूप फिरल्याचा आवाज मी हजारो वेळा ऐकला होता, पण त्या दिवशी तो ऐकून मला धडकी भरली. ओरडायला मला तोंड नव्हतं.

तासाभराने काका उठले आणि चहाचं आधण ठेवलं. शेगडीवर वाळत घातलेल्या फडक्याचं टोक खाली लोंबत होतं, ते कुणी कधी आवरतच नसे. फडकं पेटलं, त्यावरून खिडकीचा पडदा. काकांनी गॅस बंद केला, पाणी मारलं, हात भाजून घेतले. पण धूर मावेना. ते भिंत धरत दाराकडे आले. डोळे मिटलेलेच होते. उजवा हात न चुकता मधल्या खुंटीवर आला.

खुंटी रिकामी होती.

त्यांनी शेजारची चाचपली, तिच्यापुढची चाचपली. छत्री पडली, पिशवी पडली. हात पुन्हा मधल्या खुंटीवर आला. मग ते खाली बसून जमीन चाचपू लागले. किल्ली घराबाहेर गेली असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. पडलीच असेल, एवढा त्यांचा आपल्या घरावर विश्वास. खिडकीशी जाऊन हाका मारल्या असत्या तर माणसं लवकर आली असती. ते किल्लीच शोधत राहिले.

शेवटी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींना धूर दिसला. माणसं धावली. घाव घालून घालून दार फुटलं, कुलूप फुटलं नाही. काकांना उचलून दवाखान्यात नेलं.

मुलगा आला तेव्हा घरात कुणी नव्हतं. त्याने खिशातून किल्ली काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि ती माझ्याखाली जमिनीवर ठेवली. मग धुराचा वास लागलेलं जाकीट खुंटीवरून ओढलं. त्याच्या खिशातून त्याची स्वतःची किल्ली खळ्ळकन खाली पडली. सकाळभर ती माझ्याच अंगावर होती. तो मटकन खाली बसला आणि रडला. त्या रडण्याने माझा राग गेला नाही.

आठव्या दिवशी काका घरी आले. छाती भात्यासारखी वाजत होती. भेटायला माणसं जमली. मुलगा सगळ्यांना सांगत होता, "किल्ली तिथेच होती. ही खुंटी ढिली आहे, निसटून पडली असणार. बाबांना धुरात दिसली नाही."

काकांनी ती किल्ली मागितली. तिच्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा पाहिला. घरभर काजळी होती, अंगठा स्वच्छ होता. मग ते उठले, माझ्यापाशी आले, आणि पट्टी बांधलेल्या हाताने मधली खुंटी धरून अंगातला सगळा जोर लावून ओढली. खुंटी केसभरही हलली नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा खाली बघत होता.

"हो," काका म्हणाले, "ढिली झालीय."

स्वतःच्या कामाला त्यांनी आयुष्यात तेवढंच एकदा नाव ठेवलं. दोन महिन्यांनी ते गेले.

मित्रांनो, मला पुन्हा भिंतीवर लावा असं मी म्हणत नाही. तुमच्या घरी फळी नसेल तर एक खिळा पुरे, एक वाटीही पुरे. किल्ली आली की आधी तिच्या जागी ठेवा, आणि जी दुसऱ्याच्या जिवासाठी ठेवली आहे तिला हात लावू नका. एवढं काय त्यात, असं मनात येईल तेव्हा तर नक्कीच नका.

नवीन कुलूप बसवलं त्या दिवशी मुलाने मला काढायला घेतलं. सुताराची पटाशी चालेना. शेवटी त्याने दोन्ही हातांनी मधली खुंटी धरली, भिंतीला पाय लावला आणि हिसका दिला. भिंतीचा गिलावा निघून आला. खुंटी निघाली नाही.