माल्टचा चमचा

"यात माशाचं तेल नाही ना? नक्की?" क्लिफ सगडननं डबा दिव्याखाली धरून पुन्हा विचारलं.

औषधांच्या दुकानातल्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो मिस्टर सगडन, बिअरचा माल्ट आहे तो. माशाच्या तेलाचा पलीकडच्या फळीवर असतो, मुलांचा."

मागं उभी असलेली शेजारीण नेली फिसकन हसली. "विचारू दे हो त्याला. अख्ख्या गल्लीच्या जिभेचा प्रश्न आहे."

"नेली, लग्नाचं आमंत्रण अजूनही परत घेता येतं हं," क्लिफ म्हणाला आणि तीन वेगवेगळे डबे पिशवीत घालून बाहेर पडला.

नेलीचं हसणं उगाच नव्हतं. क्लिफ बसडेपोत फिटर. इंजिनातला बारीक आवाज ऐकून आजार सांगणारा माणूस, पण घरी बिअर करायला बसला की काहीतरी घोळ घालणारच. माल्ट म्हणजे मोड आणलेल्या जवाचा घट्ट पाक, दिसायला थेट काकवी. तो पाण्यात उकळायचा, हॉप्सची कडू फुलं घालायची, यीस्ट टाकून जिन्याखाली आंबवायला ठेवायचा. सोपं काम! पण एका नाताळात माल्ट कमी पडला, आणि या पठ्ठ्यानं लेकीच्या, ब्रेंडाच्या टॉनिकच्या बरण्या पिंपात उपड्या केल्या. टॉनिकात माल्ट होता हे खरं, पण कॉड माशाचं तेलही होतं. बिअरला फेस आला नाही, वास मात्र असा आला की गल्लीतली मांजरं दारात जमली. त्यानंतर बिचारी ब्रेंडा शाळा संपेपर्यंत 'मासेवाल्याची पोर' होती.

आता त्याच ब्रेंडाचं लग्न होतं. होणारे सासरे, टॉफमसाहेब, बिअरच्या कारखान्यात मुकादम. लग्नाची बिअर ते पाठवणार होते. आणि क्लिफच्या मनात एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती: एकुलत्या एका लेकीच्या लग्नात आपल्या हातचं एक पिंप असावं.

घरी येऊन त्यानं तीन बशा मांडल्या आणि प्रत्येकीत एकेक माल्ट ओतला.

ब्रेंडा दारातच थबकली. "बाबा! मी नाही म्हटलं होतं ना?"

"एक छोटं पिंप गं. कोपऱ्यात राहील."

"आणि नेलीकाकू भर हॉलमध्ये मांजराचा आवाज काढेल. माझ्या सासूसमोर! तुम्हाला गंमत वाटते, बाबा. शाळेत मी कितीदा रडले ते तुम्हाला माहीत तरी आहे का?"

क्लिफला ते माहीत नव्हतं. त्यानं पाइप तोंडातून काढून बाजूला ठेवला.

"पाइपानं माझी जीभ चामड्याची झालीय," तो म्हणाला. "मला चांगलंवाईट कळत नाही. तू चाखून बघ. एकही आवडला नाही, तर पिंप धुऊन ठेवतो आणि परत नाव काढत नाही."

त्यानं जुना मोठा चमचा घेतला, पहिल्या बशीत बुडवून गोल फिरवला, तार तोडली आणि पुढं धरला. ब्रेंडानं डोळे मिटले आणि आ केला.

दोघांनाही ते एकदमच आठवलं. तिची आई गेली त्या हिवाळ्यापासून, पहाटे डेपोत जाण्याआधी, अंधाऱ्या स्वयंपाकघरात तो तिला असंच, याच चमच्यानं टॉनिक भरवायचा. ती अर्धवट झोपेत डोळे मिटून आ करायची. क्लिफनं एक थेंबही न सांडता चमचा तिच्या तोंडात दिला.

"नुसता गोड," ब्रेंडा म्हणाली. "साखरेचा पाक मिसळलाय. धान्य कुठंय यात?"

दुसरा डबा सगळ्यांत महागाचा, सोनेरी चिठ्ठीचा. ब्रेंडानं तोंड वाकडं केलं. "शी! जळका लागतोय. शाई चाटल्यासारखा."

क्लिफनं डबा उलटासुलटा करून पाहिला. एका बाजूची चिठ्ठी उन्हानं विटली होती. "दुकानाच्या काचेमागं पडून पडून म्हातारा झाला वाटतं."

तिसरा साधा, फिकट रंगाचा. ब्रेंडानं तो तोंडात घोळवला, गिळला. क्लिफ श्वास रोखून बघत होता. तिनं डोळे उघडलेच नाहीत, फक्त पुन्हा आ केला.

लग्नाच्या दिवशी क्लबच्या हॉलमध्ये टॉफमसाहेबांच्या भल्यामोठ्या पिंपांशेजारी क्लिफचं पिंप धाकट्या भावंडासारखं उभं होतं. पहिला पेला नेलीनं उचलला. नाकाशी नेला, भाता भरावा तसा वास घेतला. ब्रेंडानं नवऱ्याची बाही घट्ट पकडली.

नेलीनं घोट घेतला. मग आणखी एक. "क्लिफ," ती ओरडली, "मासा सापडत नाही रे!"

हॉलभर हशा पिकला आणि सगळ्यांत मोठ्यानं ब्रेंडा हसली. टॉफमसाहेब न हसता हळूहळू पीत होते. पेला रिकामा झाल्यावर म्हणाले, "माल्ट ताजा आहे. कुणी निवडला?"

"लेकीनं," क्लिफ म्हणाला.

साहेबांनी रिकामा पेला पुन्हा पुढं केला. छोटं पिंप आधी संपलं. ओतता ओतता क्लिफच्या वाट्याला घोटभरही उरली नाही, पण त्याचं पोट त्या दिवशी नुसत्या बघण्यानंच भरलं.

दुसऱ्या दिवशी नवराबायको आगगाडीनं साउथॅम्प्टनला गेली. ब्रेंडाच्या नवऱ्याची, कीथची नोकरी तिथल्या गोदीत. क्लिफ स्टेशनवरून घरी आला, चहा ओतला, साखर घातली आणि ढवळायला तो जुना मोठा चमचा शोधू लागला. खणात नव्हता, मोरीतही नव्हता. त्यानं फळीकडं पाहिलं. उरलेल्या माल्टचा अर्धा डबाही नव्हता. त्याच्या जागी एक चिकट वर्तुळ तेवढं राहिलं होतं. ब्रेंडा सामान भरताना स्वयंपाकघराचं दार लोटून का बसली होती, ते त्याला आत्ता कळलं.

"एकटाच काय हसतोयस रे?" नेलीनं भिंतीपलीकडून विचारलं. "आणि नाक का ओढतोयस?"

"चमचा चोरीला गेलाय."

"मग पोलिसांना सांग की!"

"कशाला? चोर घरचाच आहे," क्लिफ म्हणाला आणि काट्यानंच चहा ढवळू लागला.