तीन वाजून सोळा मिनिटं

रणदिवेसाहेबांनी हात पुढे केला. लीलाधर बाविस्करने तो हातात घेतला. हात मऊ होता, उबदार होता आणि त्याला कचोरीचं तेल लागलेलं होतं.

"अरे, बाविस्कर! माझा टेलिग्राफिस्ट!" साहेब मुख्याध्यापकांच्या खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाले. "किती वर्षांनी! आपण दोघेही म्हातारे झालो की रे."

लीलाधरने हात सोडवून घेतला आणि पाठीमागे विजारीला पुसला. नौदलातून निवृत्त झालेले कमांडर यशवंत रणदिवे आज प्रमुख पाहुणे आहेत, हे त्याला धुळ्याला पोचेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या बायकोची भाची दिपमाला या शाळेत शिकवायची. तिने जळगावला फोन करून एवढंच म्हटलं होतं, "काका, शाळेत सैनिक दिन आहे. तुम्ही नेव्हीत होता ना? मुलांना दोन शब्द सांगा, ते मोर्स कोडचं." हा माणूस येणार हे कळलं असतं, तर त्याने पाय मुरगळल्याचं सांगून घरीच बसणं पसंत केलं असतं.

साहेबांनी दुसरी कचोरी उचलली. बोटं चाटता चाटता ते संस्थेचे अध्यक्ष पन्नालालशेठ यांना सांगू लागले, "शेठजी, मी याच शाळेत शिकलो. जहाजावर आपल्या खानदेशातली दोन पोरं होती. मी दोघांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं."

दोन पोरं. दुसऱ्याचं नाव साहेबांनी घेतलं नाही.

त्या दुसऱ्याचं नाव छगन. पिंपळनेरचा. लीलाधर चोपड्याकडचा. चौऱ्याहत्तर साली दोघं एकाच गाडीने कोचीला सिग्नलच्या शिक्षणाला गेले. दोघांनी समुद्र पाहिलेला नव्हता. हिंदी मोडकीतोडकी, इंग्रजी त्याहून वाईट. मास्तर होते वर्गीस नावाचे. कानाला हेडफोन लावायला सांगायचे आणि चूक झाली की पेन्सिलीने बोटांच्या पेरांवर मारायचे. "ठिपके मोजू नका," ते ओरडायचे, "ठिपके मोजणारा मेला! गाणं ऐका!"

लीलाधरला गाणं ऐकू यायचं नाही. त्याला फक्त किटकिट ऐकू यायची, भिंतीतल्या किड्यासारखी. पहिल्या महिन्यात तो दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा नापास झाला असता तर त्याला स्वयंपाकघरात धाडणार होते. छगनला मात्र आठ दिवसांत सगळं उमगलं. त्याने प्रत्येक अक्षराला गावाकडचे शब्द लावले. क्यू म्हणजे लांब, लांब, आखूड, लांब. छगन म्हणायचा, "आते न जा," म्हणजे आता जाऊ नकोस. वाय म्हणजे "या न मामा." रोज जेवणं झाली की तो खाटेच्या लोखंडी दांडीवर चमच्याने वाजवायचा आणि लीलाधरने अक्षर ओळखायचं. चुकलं की छगन मारायचा नाही, पुन्हा वाजवायचा. दीड महिन्यात लीलाधर मिनिटाला अठरा शब्द घेऊ लागला. नोकरी राहिली ती त्या चमच्यामुळे.

पुढे दोघं एकाच जहाजावर गेले. तिथे दळणवळणाचे अधिकारी होते लेफ्टनंट रणदिवे. अधिकारी सगळेच वाईट नव्हते. एकाने लीलाधरला स्वतःच्या पैशांनी चष्मा करून दिला होता. पण रणदिवे वेगळंच पाणी होतं. स्वतःचे बूट, बायकोचे बूट, कुत्र्याचं आंघोळपाणी, सगळं खलाशांकडून. वरिष्ठ दिसला की हेच साहेब असे काही वाकायचे की बघणाऱ्याला शरम वाटावी. आणि मोर्स? परीक्षेपुरतं शिकले आणि विसरले. संदेश वाजू लागला की, "सांग रे, काय म्हणतोय," म्हणायचे.

"चला, मुलं वाट बघताहेत," दिपमाला म्हणाली, तसा लीलाधर सगळ्यांच्या मागून सभागृहात गेला.

व्यासपीठावर त्याला साहेबांच्या शेजारची खुर्ची मिळाली. साहेबांनी लावलेलं अत्तर नाकात बसत होतं. समोर चारेकशे मुलं, मागच्या रांगांत पालक. साहेब उठले. बोलायला पहिल्यापासून पटाईत होते.

"मुलांनो, एक्याऐंशी साल. मे महिना. समुद्र खवळलेला. आमच्या जहाजावर मी स्वतः हेडफोन लावून बसलो होतो." त्यांनी माईकवर बोटाने टकटक केली. "तीन ठिपके, तीन रेघा, तीन ठिपके! एक मालवाहू जहाज बुडत होतं. मी धावत कॅप्टनकडे गेलो. म्हटलं, सर, जहाज वळवा! चार जीव वाचवले आम्ही. चार! हा बाविस्कर साक्षीला आहे."

टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने तर उभं राहून वाजवल्या. लीलाधरने टाळी वाजवली नाही.

हेडफोन लावून छगन बसला होता.

त्या दिवशी जहाजावर अधिकाऱ्यांच्या घरचे लोक आले होते, समुद्राची सैर करायला. वर डेकवर कापडी छत, टेबलं, थंड पेयं. लाटा वाढल्यावर पाहुण्यांना उलट्या होऊ लागल्या आणि खलाशी बादल्या घेऊन त्या पुसत होते. खाली रेडिओच्या खोलीत छगन आणि लीलाधर. तिथल्या घड्याळावर लाल पट्टे रंगवलेले असत. काटा लाल पट्ट्यावर आला की तीन मिनिटं सगळ्या जहाजांनी गप्प राहायचं आणि फक्त ऐकायचं, कुणी संकटात असेल तर त्याचा आवाज दबू नये म्हणून. तीन वाजून सोळा मिनिटांनी, त्या शांततेत, छगनची पेन्सिल चालू लागली. जहाजाचं नाव, ठिकाण, पाणी शिरतंय, अकरा माणसं. त्याने वहीत वेळ टाकली आणि चिठ्ठी लीलाधरच्या हातात कोंबली. "पळ!"

लीलाधर पळत वर गेला. साहेबांच्या एका हातात ग्लास होता आणि समोर एका बड्या अधिकाऱ्याची बायको बसलेली. साहेबांनी चिठ्ठी वाचली, घडी केली आणि पांढऱ्या पँटच्या खिशात घातली.

"किनाऱ्यावरच्या स्टेशनने ऐकलं असेल. जवळचं दुसरं कुणी जाईल. कॅप्टनना मी सांगतो. तू जा."

दहा मिनिटांनी छगनने त्याला पुन्हा पिटाळलं. साहेब दात आवळून म्हणाले, "एकदा सांगितलेलं कळत नाही? पार्टीचा सत्यानाश करायचाय का तुला?"

चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी किनाऱ्यावरून थेट हुकूम आला, तेव्हा कुठे जहाज वळलं. पोचेपर्यंत साडेसहा झाले. पाण्यावर फळ्या होत्या, तेलाचा जाड थर होता. चार जण जिवंत सापडले. पाचव्याचा हात लीलाधरने धरला होता. तेलामुळे तो हात त्याच्या मुठीतून निसटला आणि माणूस खाली गेला. वाचलेल्यांपैकी एकजण ओकत ओकत सांगत होता, जहाज साडेपाचपर्यंत तरंगत होतं, आम्ही वाट बघत होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी लीलाधरला आपल्या केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं. चहा दिला, चांगल्या कपात.

"लीडिंग टेलिग्राफिस्टच्या बढतीसाठी तुझं नाव वर पाठवलंय," साहेब म्हणाले. "घरी लग्न ठरलंय ना तुझं? आता नोंदवहीचं एक पान खराब झालंय. ते तू पुन्हा लिहून काढ. संदेश चार अठ्ठेचाळीसला मिळाला. तू चहा आणायला गेला होतास. परत आलास तेव्हा छगन झोपलेला होता."

लीलाधरने चहा संपवला आणि पान लिहिलं. खाली सही केली. त्याच्यावर कुणी पिस्तूल रोखलं नव्हतं, हे तो पुढे त्रेचाळीस वर्षं स्वतःला सांगत आला. छगनला नव्वद दिवसांची कैद झाली आणि नौदलातून काढून टाकण्यात आलं. लीलाधरला बढती मिळाली, पुढे आणखी एक मिळाली, पेन्शन मिळाली. त्या पेन्शनच्या भाकरीवर त्याने दोन मुली शिकवल्या.

"आता बाविस्करकाका दोन शब्द बोलतील," दिपमालाने जाहीर केलं.

लीलाधर माईकपाशी गेला. त्याने कागदावर काही मुद्दे लिहून आणले होते, ते खिशातच राहिले.

"मुलांनो," तो म्हणाला, "साहेबांनी सांगितलं ते खोटं आहे."

सभागृहात खसखस पिकली. मुलांना गंमत वाटली.

"हेडफोन लावून साहेब बसले नव्हते. छगन बसला होता, छगन ठाकरे, पिंपळनेरचा. त्याने वेळेवर संदेश घेतला. मी तो साहेबांना नेऊन दिला. साहेबांनी खिशात ठेवला. दीड तास. सात माणसं मेली. आणि मग मी..."

पन्नालालशेठनी आवाजवाल्याकडे बघून हात हलवला. माईक बंद पडला. लीलाधर तसाच बोलत राहिला. खोट्या पानाबद्दल बोलला, स्वतःच्या सहीबद्दल बोलला, बढतीबद्दल बोलला. पुढच्या तीन रांगांना ऐकू गेलं असेल. मागे मुलं आपसात बोलू लागली होती. मग कुणीतरी घाईघाईने राष्ट्रगीत सुरू केलं आणि सगळे उभे राहिले. साहेब ताठ उभे राहिले, छाती पुढे काढून, नजर समोर. त्यांच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं, काय रुबाबदार माणूस आहे.

बाहेर मोटारीत बसण्याआधी साहेब त्याच्याजवळ आले. चेहऱ्यावर हसू तसंच होतं.

"बाविस्कर, वय झालं तुझं. एखाद्या डॉक्टरला दाखव. आणि त्या पानावर अक्षर तुझं आहे, माझं नाही. ध्यानात ठेव."

"ध्यानात आहे म्हणूनच बोललो, साहेब."

साहेबांनी काच वर केली. दिपमाला एका बाजूला उभी राहून रडत होती. "काका, माझी नोकरी आहे हो इथे," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. साहेबांचा फोटो, चार जीव वाचवल्याची हकीकत. लीलाधरच्या बोलण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्याच्या बायकोने, सुनंदाबाईंनी, पेपर घडी करून बाजूला ठेवला. नवऱ्याने आदल्या संध्याकाळी त्यांना सगळं सांगितलं होतं, लग्नानंतर पहिल्यांदाच.

"पेपरात नाही आलं, तर नाही आलं," त्या म्हणाल्या. "ज्याला सांगायला पाहिजे होतं त्याला कुठं सांगितलंत?"

लीलाधर सकाळच्या एस.टी.ने निघाला. धुळ्याला गाडी बदलली, साक्रीवरून पिंपळनेरला दुपारी उतरला. छगनचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा छगन सगळ्या गावाला ठाऊक होता. लोक म्हणायचे, मोटार नुसती चालू केली तरी आवाजावरून तो बिघाड सांगतो.

छगन तांब्याची तार गुंडाळत बसला होता. केस पांढरे, पाठ वाकलेली. त्याने वर पाहिलं.

"कोन शे?"

"मी. लीलाधर."

छगनने तारेचं वेटोळं खाली ठेवलं. "कसाले उना?"

का आलो, ते लीलाधरने उभ्या उभ्याच सांगितलं. चिठ्ठी, केबिन, चहा, पान, सही. कालची शाळा. छगनची बायको भागाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आतून आली होती. ऐकता ऐकता ती दारातच थांबली.

"मन्हं नाव लिधं का तुनी, शाळामा?" छगनने विचारलं.

"घेतलं. पूर्ण नाव घेतलं."

"आनि माले वाटनं, तू काही नवीन सांगशी." छगनचा आवाज चढला नाही. "चौकशीमा त्यास्नी माले ते पान दखाडं. तुन्हं अक्षर मी वळखाव नही का? मी सांगं, हाई मन्हं अक्षर नही. हासनात सर्वा. तू तठेच उभा व्हता. खाले देखत व्हता."

लीलाधरला ते आठवत होतं. आपल्या बुटांची चमकसुद्धा आठवत होती. त्याला स्वतःची अशी किळस आली की अंगातला शर्टसुद्धा नकोसा झाला.

छगनने टेबलाच्या खणातून पावतीपुस्तक काढलं, कोऱ्या बाजूची दोन पानं फाडली आणि पेन पुढे केला. "लिखी दे. आठेच. आते."

लीलाधरने तिथेच बसून लिहिलं. छगनने दोन्ही पानं डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचली. एका ठिकाणी 'झोपलेला नव्हता' हे शब्द पुसट उमटले होते, ते त्याने पुन्हा गिरवायला लावले. सही झाल्यावर त्याने कागद खिशात ठेवले आणि तार पुन्हा हातात घेतली.

"जाय आते."

भागाबाईच्या हातातला तांब्या तिच्या हातातच राहिला. लीलाधर पायरी उतरला तशी ती मागून आली.

"दोन वरीस हाऊ माणूस घरना बाहेर निंघना नही, भाऊ," ती हळू आवाजात म्हणाली. "लोके म्हनेत, दारू पीसन झोपना व्हता. मन्हा सासरा ते आयकतच मरना." एवढं बोलून ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

जळगावला पोचायला दिवस मावळला. सुनंदाबाईंनी ताट वाढलं. लीलाधर पाटावर बसला, पण त्याने भाकरी मोडली नाही.

"भेटले का?" त्यांनी विचारलं.

"भेटला."

"माफ केलं?"

"नाही."

सुनंदाबाईंनी ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"बरं केलं त्यानं," लीलाधर म्हणाला आणि हात धुवायला उठला.