दहा पाकिटं, जांभळी शाई

शनिवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात त्रेचाळीस स्टॉल होते आणि गर्दी एकाच स्टॉलवर होती. बाकीच्या बेचाळीस ठिकाणी मिळून तेवढी माणसं नव्हती; स्टॉल मांडणारे धरले तरी.

निमित्त संशोधन प्रदर्शनाचं होतं. कांदाचाळीत ओल कुठून शिरते, द्राक्षाच्या बियांचं तेल किती दिवस टिकतं, सातपूरच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेल्या कामगाराला किती ऐकू येतं, देवळाली कॅम्पच्या बाजारात दुकानदार कोणत्या गिऱ्हाइकाशी कोणत्या भाषेत बोलतो, पेठ तालुक्यातले भगत दाणे मोजताना काय म्हणतात. एकेका प्रश्नामागे कुणाची तरी तीन-चार वर्षं गेली होती. आलेख होते, तक्ते होते, कांद्याच्या स्टॉलवर कांदेही होते.

त्रेचाळिसाव्या स्टॉलवर आलेख नव्हता. तिथे डॉ. ओम होते.

डॉ. ओम आडनाव लावत नसत. त्यांची डॉक्टरेट परदेशी विद्यापीठाची होती आणि पदवीदान ठाण्याच्या एका हॉटेलात झालं होतं. तसा फोटोच स्टॉलवर लावला होता. समोर मखमलीवर तांब्याच्या गोल चकत्या विकायला मांडल्या होत्या.

"उजवा हात सरळ पुढे धरा, काका," त्यांनी एका निवृत्त गृहस्थांना सांगितलं आणि पुढे केलेला हात दोन बोटांनी दाबला. हात खाली गेला. "आता डाव्या मुठीत चकती. धरली? आता हलू द्यायचा नाही." पुन्हा दोन बोटं, पुन्हा दाब. हात तसाच राहिला. गर्दीतून "आयला" असा आवाज आला.

"ही श्रद्धा नाही, हे संशोधन आहे," डॉ. ओम म्हणाले. "प्रत्येक पेशीला फ्रिक्वेन्सी असते. चकती ती ट्यून करते. पाकिटातून करते, खिशातून करते, भिंतीतूनही करते. क्वांटम. पुढचे या."

पुढचा सोमनाथ होता. तो महाविद्यालयाचा इलेक्ट्रिशियन. सगळ्या स्टॉलची वायरिंग त्यानेच केली होती. त्याचा हातही आधी पडला आणि चकती घेतल्यावर राहिला. पण त्याला हाताचं काही नव्हतं. त्याने मागच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तिथे त्याची अकरा वर्षांची मुलगी पूजा मांडीवर जेवणाचा डबा घेऊन बसली होती.

"सर, तिला शुगर हाय. लहानपणाची. जेवायच्या आधी इन्सुलिन टोचावं लागतं, झोपताना परत. दिवसाला चार."

"स्वादुपिंड विसरलंय," डॉ. ओम म्हणाले. "चकती त्याला आठवण करून देते. बाहेरून सुई टोचत राहिलात तर ते कशाला आठवेल? आजपासून गळ्यात चकती, सुया बंद."

"आज दुपारपासनंच?"

"मुहूर्त काढायचाय का?"

निदान झालं तेव्हा पूजा तीन दिवस अतिदक्षता विभागात होती. एकही दिवस चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी तेव्हा सोमनाथकडून तीनदा वदवून घेतलं होतं. हे त्याला आठवत होतं. पण नांदगावहून त्याच्या आईचा रोज फोन येई, की पोरीच्या पोटाची चाळण केली तुम्ही. तेही त्याला आठवत होतं.

एक वाजत आला होता. इन्सुलिनचं पेन सोमनाथच्या खिशात होतं.

"पप्पा, मी जेवू का नको?" पूजाने विचारलं. "भूक लागलीय."

सोमनाथ शिकलेल्या माणसांना विचारायला निघाला. त्या सभागृहात त्यांची टंचाई नव्हती. कांद्याच्या स्टॉलवरचे सर म्हणाले, आरोग्य आमच्याकडे येत नाही, जीवशास्त्राला विचार. जीवशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, सुई बंद करू नकोस असं मला वाटतं, पण ते ऊर्जा म्हणताहेत, म्हणजे भौतिकशास्त्र. भौतिकशास्त्राचे सर हात दाबण्याचा प्रयोग सकाळपासून समोरूनच बघत होते. ते म्हणाले, "मानवी शरीर आलं की मी बोलत नाही. माझा विषय नाही."

कुणी खोटं बोललं नाही. प्रत्येकाने आपापलं कुंपण सांभाळलं आणि त्रेचाळिसावा स्टॉल नेमका सगळ्या कुंपणांच्या बाहेर होता.

भगतांच्या स्टॉलवर तृप्ती बसली होती. दाणे मोजून रोगाचं कारण सांगणाऱ्या भगतांची गाणी ती चार वर्षं पेठच्या बाजूला हिंडून नोंदवत होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं, कारण गाण्यांचा उपयोग काय ते कुणाला माहीत नव्हतं. सोमनाथचं बोलणं मात्र तिने ऐकलं.

"सोमनाथदादा, भगत दाणे दुसऱ्याला मोजू देत नाही," ती म्हणाली. "स्वतःच्याच हाताने मोजतो; इथेही हात दाबणारा एकच आहे. आणि पेठचे भगतसुद्धा हल्ली साप चावल्यावर आधी दवाखान्याची गाडी बोलवायला सांगतात. सुई आत्ता थांबवू नका. मला पंधरा मिनिटं द्या."

ती खाली परीक्षा विभागात गेली आणि भिमाबाईंना घेऊन आली. भिमाबाई तिथल्या लिपिक. त्यांचं बावीस वर्षं एकच काम: उत्तरपत्रिकेवरचा आसन क्रमांक झाकायचा, वर कोड टाकायचा आणि मगच ती तपासणाऱ्याकडे पाठवायची.

"का झाकता, बाई?" गर्दीतल्या एकाने विचारलं.

"नाव दिसलं की मार्क हलतात," भिमाबाई म्हणाल्या. "तपासणारा प्रामाणिक असला तरी हलतात. त्याला कळतसुद्धा नाही."

तृप्तीने डॉ. ओमना विचारलं, "सर, कागदी पाकिटातून ऊर्जा जाईल ना?"

"मॅडम, भिंतीतून जाते म्हटलं ना."

"मग पाच पाकिटांत चकती घालू, पाचांत दुसरं काहीतरी. कशात काय, ते तुम्हालाही माहीत नाही, सोमनाथदादांनाही नाही. तुम्ही फक्त हात दाबून सांगायचं."

शंभरेक माणसांसमोर नाही म्हणणं अवघड होतं. डॉ. ओम हसून हो म्हणाले.

चकतीच्या आकाराचे पितळी वायसर सोमनाथच्या हत्यारांच्या पेटीत निघाले. वजन सारखं हवं म्हणून भौतिकशास्त्राच्या सरांचा काटा आणला. सर स्वतः बरोबर आले. "वजन माझा विषय आहे," ते म्हणाले.

भिमाबाईंनी शेजारच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दहा पाकिटं बंद केली, ती उलटीपालटी मिसळली, प्रत्येकावर कोड टाकून विभागाचा गोल शिक्का मारला. यादी पर्समध्ये ठेवली, गठ्ठा तृप्तीकडे दिला आणि स्वतः सभागृहाबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. यादी माहीत असलेला माणूस तपासणीच्या खोलीत थांबत नाही, असा त्यांचा नियम होता.

तृप्ती पहिलं पाकीट सोमनाथला देऊ लागली. डॉ. ओमनी ते मधेच घेतलं.

"माझ्या हातून जाऊ द्या. ऊर्जेचं वहन माझ्यातून होतं."

"घ्या ना," तृप्ती म्हणाली.

प्रत्येक पाकीट त्यांनी स्वतः, शिक्क्यावर बोटं ठेवून, सोमनाथच्या डाव्या हातात दिलं आणि उजवा हात दाबला. सहा वेळा हात राहिला, चार वेळा पडला. जीवशास्त्राच्या मॅडमनी कोड लिहून घेतले. मग भिमाबाईंना आत बोलावलं आणि पाकिटं फोडली.

राहिलेल्या सहांत तीन चकत्या होत्या, तीन वायसर. पडलेल्या चारांत दोन चकत्या, दोन वायसर.

"म्हणजे काय?" मघाच्या निवृत्त गृहस्थांनी विचारलं.

"म्हणजे वायसरनेही स्वादुपिंडाला आठवण होते," भिमाबाई म्हणाल्या. "आणि तो स्वस्त पडतो."

"शंका घेतली की ऊर्जा मागे हटते," डॉ. ओम म्हणाले. "वातावरण निगेटिव्ह झालंय."

"आम्हाला शंका घेण्याचाच पगार मिळतो, सर," भिमाबाई म्हणाल्या.

सोमनाथ अजूनही गोंधळलेला होता. "पण बाई, हात तर खरंच पडत होता. मी मुद्दाम नाय पाडला."

"दादा, उजवा हात बघा तुमचा," तृप्ती म्हणाली.

शिक्क्याची शाई ओली होती. पाकिटं आपल्याच हातून जावीत हा डॉ. ओमचा आग्रह, त्यामुळे ती त्यांच्या बोटांना लागली आणि बोटांची सोमनाथच्या हाताला. अर्ध्या बाहीखाली उघड्या हातावर दोन जांभळे डाग होते. एक मनगटावर, दुसरा कोपराच्या जरासा पुढे. मधली जागा स्वच्छ होती.

सोमनाथने दोन्ही डागांवर बोट ठेवून पाहिलं. मग पेटीतून पाना काढला. "पाना टोकाला धरला की नट बोटानं सुटतो," तो सावकाश म्हणाला. "नटाजवळ धरला की लय जोर लावला तरी हलत नाय. हात पाडायचा असला की मनगटाशी दाबायचं. ठेवायचा असला की कोपराशी."

"तरफ," भौतिकशास्त्राचे सर म्हणाले. "आठवीला आहे." आणि आपण हे सकाळपासून पाहत होतो हे लक्षात येऊन ते काटा आवरू लागले.

तृप्तीने चकतीशिवाय त्या गृहस्थांचा हात दाबून दाखवला. मनगटाशी पडला, कोपराशी राहिला. पाच मिनिटांत सभागृहभर लोक एकमेकांचे हात दाबत होते. डॉ. ओम मखमल गुंडाळत होते. आपण कुठे दाबतो हे त्यांना माहीत होतं की नाही, हे कळायला मार्ग नाही. सोमनाथच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नव्हता.

या सभागृहात माणसं कांद्याची ओल मोजत होती, कामगारांचे कान तपासत होती, भगतांची गाणी लिहून घेत होती. विषय वेगळे, पण खऱ्या शोधाची अट सगळीकडे एकच: माझं चुकत असेल तर मला ते कळलं पाहिजे, अशी सोय मी आधी करून ठेवीन. ही अट समजायला पदवी लागत नाही, आणि ती विचारायला कुणाचंही कुंपण आड येत नाही. एखादी गोष्ट चमत्कार म्हणून समोर आली तर आधी नाव झाका, मग तपासा. झाकल्यावर जी टिकत नाही, तिच्या भरवशावर चालू औषध बंद करू नका.

सोमनाथने खिशातलं पेन काढलं. त्याचा हात अजून जांभळा होता. पूजाने आधी त्याला हात धुवून यायला सांगितलं, मग पेन स्वतःच घेतलं, शर्ट वर केला, टोचलं, दहा आकडे मोजले. दप्तरातून एक वही काढली.

"कसली गं वही?" भिमाबाईंनी विचारलं.

"सुयांची. काल रात्रीपर्यंत चार हजार दोनशे अकरा. सकाळची लिहायची राहिली होती."

तिने दोन सुया लिहिल्या आणि डबा उघडला.