पहिल्यांदाच आलात?

"अहो मिस्त्री, काम उरकलं असेल तर मला जरा चर्चपर्यंत सोडा. घंटा होऊन गेली असेल."

बायको पलंगाच्या काठावर चपला घालून बसली होती. मांडीवर पर्स, केस चापूनचोपून विंचरलेले. मिस्त्री आरशासमोर अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत थांबला.

तो शिलाई मशीन दुरुस्त करायचा. गल्लीतल्या लहानथोरांचा तो मिस्त्री होता. घरात मात्र कुणी त्याला तसं म्हणत नसे. बायकोच्या आठवणीतून आधी शेजारपाजार गेला, मग नातवंडं, मग एकुलती एक लेक. एके सकाळी त्याच्या हातातला पेचकस पाहून तिने ठरवून टाकलं, की हा माणूस मशीन बघायला आलाय. तेव्हापासून मिस्त्रीचं काम काही संपेना. रात्री अंथरूण घालताना ती म्हणायची, "अजून किती वेळ? घरी वाट बघत असतील तुमची." तो म्हणायचा, "उद्याचा दिवस लागेल बहुतेक." त्यावर ती मान हलवायची. कामगारमंडळी अशीच असतात, हे तिला ठाऊक होतं.

एक शब्द तेवढा टिकला होता. अहो. लग्न झाल्यापासून ती त्याला अहो म्हणत आली होती, आणि परक्या माणसालाही अहोच म्हणतात. सुरुवातीला तो प्रत्येक हाकेला आशेने वळायचा. नंतर नुसताच वळायचा.

चर्चचा धोशा तिने हल्लीच लावला होता. तिचं माहेर ख्रिस्ती, त्याचं घर हिंदू. लग्न कचेरीत सह्या करून झालं आणि दोन्ही घरांनी दारं लावून घेतली. त्यानंतर तिने चर्चचं नाव काढलं नव्हतं. त्याने कधी नको म्हटलं नाही, तिनेही कधी जाऊ का म्हणून विचारलं नाही.

"बाबा, एकदा घेऊन जा ना तिला," लेक आदल्या दिवशी फोनवर म्हणाली होती.

"अगं, मला तिथलं काय कळतं? कुठे बसायचं, कधी उठायचं. हसं व्हायचं नुसतं."

"तुमच्याकडे कोण बघतंय बाबा?"

"आणि तिलाही तिथे काही आठवलं नाही तर?"

फोन ठेवताना लेक पुन्हा तेच म्हणाली होती.

मिस्त्रीने उरलेली दाढी खरडली, इस्त्रीचा सदरा चढवला आणि तिला रिक्षात बसवलं.

चर्चच्या दारात त्याचेच पाय अडखळले. चपला काढायच्या की नाही? त्याने एक काढली, इकडेतिकडे पाहिलं, सगळे पायातलं न काढता आत चालले होते, म्हणून पुन्हा घातली. तोवर बायको पुढे गेलीसुद्धा. दाराजवळच्या पाण्याच्या वाडग्यात तिने बोटं बुडवली, ती कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना टेकवली आणि मधल्या वाटेने सरळ निघाली. घरात न्हाणीघर कुठे आहे हे तिला रोज दाखवावं लागत होतं.

ती एका बाकाच्या टोकाशी बसली. तो धापा टाकत शेजारी टेकला. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "अहो, पहिल्यांदाच आलात?"

"हो," तो म्हणाला.

"घाबरू नका. मी उभी राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकवत नसतील तर नका टेकू. नव्या माणसाला कुणी काही म्हणत नाही."

मग वाद्य सुरू झालं, सगळे उभे राहिले आणि ती गायला लागली. पुस्तक तिने उघडलंच नव्हतं. एक कडवं झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला शेजारचे लोक पुस्तकात डोकावू लागले तरी तिची जीभ कुठे अडली नाही. मिस्त्री हात जोडून उभा होता. ते जोडावेत की खाली सोडावेत हे त्याला समजत नव्हतं. संसाराच्या एवढ्या वर्षांत त्याने तिला गाताना ऐकलंच नव्हतं. एवढा गळा हिने ठेवला कुठे होता?

"आता काय?" त्याने कुजबुजत विचारलं.

"आता फादर बोलतील. लांबण लावतात थोडी. झोप आली तर चिमटा काढा," ती म्हणाली आणि तोंडावर हात धरून हसली.

तेच हसू. मिस्त्रीला वाटलं, आत्ता, आत्ता ही ओळखणार. त्याने तिच्याकडे तोंड पुरतं वळवलं, नीट दिसावं म्हणून. तिने बोटाने खूण केली: समोर बघा.

थोड्या वेळाने फादरांनी काहीतरी सांगितलं आणि माणसं आपापल्या शेजाऱ्याकडे वळली. बायकोही वळली. तिने उजवा हात पुढे केला.

"शांती असो," ती म्हणाली.

त्याने तो हात धरला. याच हाताला तो रोज सकाळी साबण लावायचा, याच हाताची नखं कापायचा. तिने पाहुण्याशी करतात तसं हस्तांदोलन केलं, हात सोडवून घेतला आणि मागच्या बाकावरच्या बाईकडे वळली.

मग लोक रांग धरून वेदीकडे निघाले. तीही उठली. तो मागोमाग उठू लागताच तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही नाही. हा प्रसाद आमच्यातल्यांसाठी असतो. बसून राहा, राग मानू नका हं."

तो बसला. दोनदा ती बाजारात हरवली होती. तेव्हापासून गर्दीत तो तिचं मनगट सोडत नसे. आता ती रांगेत एक एक पाऊल पुढे सरकत होती आणि त्याला तिथे जायची मुभा नव्हती. तिने तळहातावर पांढरी चकती घेतली, तोंडात टाकली आणि परतायचं सोडून अगदी पुढच्या बाकावर जाऊन बसली. इथून तिचा फक्त अंबाडा दिसत होता. तो पुढच्या बाकाची कड घट्ट धरून उरलेला वेळ त्या अंबाड्याकडे बघत राहिला.

सगळं आटोपलं. माणसं पांगली. तो पुढे गेला.

"चला, निघू या."

"तुम्ही व्हा पुढे. माझे बाबा येतायत न्यायला."

तिच्या बाबांनी लग्नानंतर लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. जावयाशी तर ते अवाक्षर बोलले नव्हते. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती. तीही बातमी परस्पर, तिऱ्हाइताकडून कळली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, तिचं म्हणणं खोडून काढू नका, त्यातूनच वाट काढा.

मिस्त्री म्हणाला, "बाबांनीच पाठवलंय मला. म्हणाले, तिला सांभाळून घरी घेऊन या."

ती खुदकन हसली. "छे! बाबा अनोळखी माणसाबरोबर सोडायचे नाहीत मला. तुम्ही त्यांना ओळखत नाही."

"नाही ओळखत," तो म्हणाला.

"बसा मग. येतीलच एवढ्यात."

तो बसला, मध्ये एका माणसाची जागा सोडून. झाडलोट करणारी बाई मेणबत्त्या विझवत होती. बाहेर पावलं वाजली की बायको मान वळवून दाराकडे बघायची, आणि तिच्यासोबत तोही बघायचा.