ठिपकी पडली नव्हती

सकाळची नेहमीची घाई. ओट्यावरचं दूध उतू गेलं, तेवढ्यावरून सुनेचा नवरा बिथरला आणि पायात आलेल्या ठिपकीला त्याने सणसणीत लाथ घातली. दुपारी सासू-सुना त्या मांजरीला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात आल्या. ठिपकीचे मागचे पाय हलत नव्हते.

"पडली म्हणायचं. गच्चीवरून," सासूने पुन्हा बजावलं.

या घरात सगळं पडायचंच. सुनेचं मनगट मोडलं तेव्हा ती जिन्यावरून पडली होती. सासू ऐन तारुण्यात न्हाणीघरात पडली, ती अजून लंगडत होती. घराण्याची अब्रू तेवढी कधी पडली नाही!

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "कंबरेचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. धातूची पट्टी आणि स्क्रू बसवावे लागतील. जोखीम आहे. नस दुखावली तर पाय लुळा राहतो, कधी स्क्रू सैल होतात."

"मग राहू द्या की," सासू म्हणाली. "मुकं जनावर, आपोआप जुळेल."

"जुळेल, पण वाकडं. आतली वाट अरुंद होईल. वरून धड दिसेल हो, पण पुढे शौचालाच होणार नाही, कुंथून कुंथून जीव जाईल." त्यांचं बोट वर सरकलं. "आणि या बरगड्या आधीच मोडून जुळल्यात. किती वेळा पडली ही?"

सुनेने मनगट मागे लपवलं. खरं बोललं तर घरी काय वाढून ठेवलंय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याचाच.

"उचल, आणि पडली म्हणूनच सांगितलंय म्हण," सासू कुजबुजली.

सुनेने फोन कानाला लावला. "ठिपकी पडली नाही. तुम्ही लाथ मारलीत. डॉक्टरांना सांगतेय मी. तिचं ऑपरेशन होणार. आणि मी आज घरी येत नाही, ताईकडे जातेय."

पलीकडून शिव्यांचा भडिमार सुरू झाला. तिने फोन बंद केला आणि हमसून हमसून रडू लागली. भीती कुठे गेली होती? ती होतीच.

सासू उठली. आता थोबाडीत बसणार, म्हणून सुनेने डोळे मिटून घेतले. पण सासूने लंगडत जाऊन टोपली टेबलावर ठेवली.

"करा ऑपरेशन," ती म्हणाली. "आणि बाई, माझा पाय कसा मोडला, तेही विचारा ना. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही."

वाचकहो, तुमच्या शेजारच्या घरातही कुणीतरी सारखं पडत असेल. तुम्ही विचारलंत कधी?