पारोळ्यात थांबलेली जीप

आखाती युद्धाच्या वर्षी पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि धुळ्यातल्या देवपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या पंडित बोरसेंच्या डोक्यात हायड्रोजनने ठाण मांडलं. जाळला की धूर नाही, मागे उरते ती नुसती वाफ. दरसाल फळ्यावर लिहिलेली ही गोष्ट त्यांना आता रस्त्यावर पळताना बघायची होती. त्यांच्या गावचा दोस्त हिलाल धुळ्यात गॅरेज चालवायचा. त्याने भंगारातली एक जीप उभी करून दिली आणि मागच्या बाकांच्या जागी गॅसचे दोन मोठे सिलिंडर आवळून बसवले. पेट्रोलची टाकी मात्र त्याने काढू दिली नाही.

गॅस मिळायचा जळगावकडच्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्यात. तिथे विजेने पाणी फोडून तो बनवत. सिलिंडर यायचे डिझेलच्या टेम्पोतून. "म्हणजे ही गाडी चालवायला दुसरी गाडी लागते?" पंडितांच्या बायकोने, लिलाबाईंनी एकदा सहज विचारलं.

"सुरुवातीला असंच असतं," पंडित म्हणाले आणि ताटावरून उठले.

जळगावच्या विज्ञान प्रदर्शनाचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी हट्टच धरला. जीप स्वतःच्या चाकांवर जाणार! दोन सिलिंडर जेमतेम अर्ध्या वाटेवरच्या पारोळ्यापर्यंत पुरतील, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून भरलेले सिलिंडर घेऊन टेम्पोने पारोळ्यात थांबायचं ठरलं.

हिलाल चालवायला बसला आणि जीप निघाली. मधूनच इंजिनात फटाका फुटल्यासारखा आवाज व्हायचा आणि सायकलवाले दचकून कडेला व्हायचे. पण ती पळत होती आणि मागच्या नळीतून पाण्याचे थेंब गळत होते. पंडित खिडकीतून वाकून वाकून ते बघत होते. पारोळ्याच्या स्टँडजवळ तिने दोन आचके दिले आणि गप्प झाली.

"भाऊ, बठ्ठा गॅस सरना," हिलाल म्हणाला.

टेम्पोचा पत्ता नव्हता. बरीच वाट बघून पंडितांनी स्टँडवरच्या बूथवरून कारखान्याला फोन लावला. तिकडचा माणूस कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "कालपासून वीज नाही सर. वीज नाही तर गॅस कुठून बनवू? टेम्पो पाठवलाच नाही."

पंडितांनी फोन आदळला. परत येऊन त्यांनी जीपच्या चाकाला लाथ मारली.

"पेट्रोलवर टाकू का?" हिलालने विचारलं. "कोनले समजी?"

"मला समजतंय ना!" एरवी हिलालशी अहिराणीत बोलणारे पंडित रागावले की शुद्ध मराठीवर यायचे. पण दुसरा इलाज नव्हता. उरलेली वाट जीप धूर सोडत गेली आणि पंडितांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

प्रदर्शनाच्या दाराशी फलक लागला होता: पाण्यावर चालणारी गाडी! पंडितांचं डोकंच फिरलं.

"पाण्यावर नाही हो," त्यांनी संयोजक झुलालनानांना बजावलं. "पाण्यातून गॅस काढावा लागतो, त्याला वीज लागते. आणि पारोळ्यापासून तर आम्ही पेट्रोलवर आलो."

"असू द्या सर," नाना हळूच म्हणाले. "लोक हौसेनं आलेत. एवढं खोलात कशाला शिरता?"

तेवढ्यात गर्दीतल्या एका आबांनी विचारलं, "विहिरीचं पाणी चालेल का हो?"

पंडितांनी माईक हातात घेतला आणि सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. संपलेला गॅस, गेलेली वीज, पेट्रोल. मागून कोणीतरी हसलं. "म्हणजे साधीच जीप शे," एक जण म्हणाला आणि गर्दी शेजारच्या सौर कुकरकडे सरकली. नाना तोंड पाडून निघून गेले.

धुळ्यापासून पारोळ्यापर्यंतचं विचारायला कोणी थांबलंच नाही. तेवढा रस्ता ती खरोखर हायड्रोजनवर चालली होती.

"मी व्हतू ना संगे," हिलाल समजुतीने म्हणाला.

"तू असून काय उपयोग!" पंडित खेकसले. मग ओशाळून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जीपमध्ये जाऊन बसले.

पुढच्या आठवड्यात रिकामे सिलिंडर कारखान्यात परत गेले, त्याच डिझेलच्या टेम्पोतून.