शेवंतीच्या आवडीची राख

जिवंत बाईची राख पाकिटात भरून विकायची आणि वर तिचाच हसरा फोटो चिकटवायचा, याला धाडस लागतं. ते शेवंतीच्या सुनेकडे भरपूर होतं. एका सकाळी पडवीत कागदी पाकिटांची रास लागलेली दिसली, म्हणून शेवंतीने सहज एक उचललं, तर तिचंच तोंड तिच्याकडे बघत होतं. खाली छापलं होतं, 'शेवंतीआईच्या आवडीची राख. भांड्यांसाठी शंभर टक्के नैसर्गिक, बिनविषारी.' वाचून शेवंतीच्या अंगाची लाही लाही झाली.

"माझे दिवस घालूची इतकी घाय कित्याक?" तिने सुनेला विचारलं. संचिता हसली, आणि त्या हसण्याने आगीत आणखी तेल पडलं.

संचिता कल्याणची. तिच्या नवऱ्याच्या, शेवंतीच्या मुलाच्या, म्हणजे ओमकारच्या कंपनीने घरून काम करायची मुभा दिली तशी दोघं गावी, मिठबावला राहायला आली, आणि आल्या आल्या सूनबाईंनी न्हाणीघरापासून सुरुवात केली. एकेक बाटली उलटी करून ती मागचं बारीक अक्षर मोठ्याने वाचायची, जणू कोर्टात आरोप वाचतेय. फिनेल गेलं, कपड्यांची पावडर गेली, शाम्पूच्या पुड्या गेल्या, सासऱ्यांची, म्हणजे दाजींची, दाढीची क्रीमसुद्धा गेली. त्यांच्या जागी रिठे आले, शिकेकाई आली, दातांना राखुंडी, टाचांना कोकमाचं तेल, अंगाला हळद-चंदनाचं उटणं, फरशीला लिंबाच्या साली कुजवून केलेलं पाणी. त्या पाण्याचा वास घरभर असा बसला की दाजी जेवायला अंगणात बसू लागले.

खरं सांगायचं तर यातल्या बऱ्याचशा वस्तूंशी शेवंतीचं वैर नव्हतं. शिकेकाई तीही वापरायची, कोकमतेलावाचून तर तिचा थंडीचा एक दिवस जात नसे, आणि तांब्याचा हंडा आमसुलानेच उजळतो हे ती कुणाच्या सांगण्यावरून शिकली नव्हती. तिला झोंबायचं ते दुसरंच. तिच्याच घरात, तिच्याच परसातल्या वस्तू तिलाच समजावून सांगितल्या जायच्या, तेही मोबाइल समोर धरून, व्हिडिओ काढत, आणि मध्येच तिला बोलावून "आई, जरा हसा ना" असं फर्मान निघायचं. तिने चंदनाच्या साबणाची वडी तांदळाच्या डब्यामागे दडवली होती. संचिताने ती हुडकून कचऱ्यात टाकली. शेवंतीने दोन नव्या आणल्या आणि उघड्यावर, न्हाणीच्या कोनाड्यात मांडल्या. तेव्हापासून दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं होतं.

पण राख म्हणजे साबण नव्हे. राखेवर शेवंतीचा दात होता.

आई गेली तेव्हा ती लहान होती. वेंगुर्ल्याला बंदराजवळ तिच्या मामाची खानावळ होती, तिथे तिला ठेवलं. ठेवलं म्हणजे मोरीपाशी बसवलं. माशाच्या तव्यांवरचं करपलेलं तेल, टोपांची जळलेली बुडं, सगळं राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासायचं. राखेने बोटांच्या बेचक्या फुटायच्या, त्यांतून रक्त यायचं, आणि मग त्याच हातांनी मिठातले बांगडे धुवायला बसायचं. मामी म्हणायची, सवय होते. सवय कधी झाली नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दाजींनी तिचे हात उलटे करून पाहिले. माणूस अबोल. दुसऱ्या दिवशी बाजारातून भांड्यांची पावडर घेऊन आले आणि चुलीतली राख ह्यापुढे माडाच्या मुळात घालायची, एवढंच बोलले. शेवंतीला त्यांचं प्रेम कळलं ते त्या दिवशी. त्यानंतर तिने राखेला हात लावला तो माडाला घालण्यापुरता.

हे सगळं तिने संचिताला सांगितलं. एकदा नीट सांगितलं, एकदा भांडून सांगितलं. तुझा धंदा तू खुशाल कर, राख वीक, माती वीक, पण माझं नाव आणि माझं तोंड त्यावरून काढ. संचिताचं उत्तर तयार होतं. लोकांना वस्तू नको असते, वस्तूमागचं माणूस हवं असतं. आईंचा चेहरा पाहूनच तर लोकांनी मागणी नोंदवली आहे. लेबलं छापून आली आहेत, सोमवारी पहिला माल निघायचा आहे. आणि 'आवडीची' हा शब्द कुणी इतका मनावर घेत नाही.

"मी घेतंय," शेवंती म्हणाली.

ओमकारने दोघींच्या मधोमध बसून दोघींच्याही बोलण्याला मान डोलावली. तेवढं एकच त्याला चांगलं जमायचं. मग शेवंतीने दाजींना गाठलं. सोमवारी माल निघण्याआधी देवापुढे गाऱ्हाणं व्हायचं होतं आणि ते घालणार दाजीच, कारण सगळ्या वाडीची गाऱ्हाणी तेच घालतात. तिने त्यांना बजावलं, गाऱ्हाण्यात माझं नाव नको. दाजी "हूं" म्हणाले. नवऱ्याच्या हुंकारावर विसंबणं ही शेवंतीची चूक झाली.

गाऱ्हाणं साधं असतं. एकजण हात जोडून देवाला घरची हकिकत सांगतो, मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. पण एकदा "व्हय म्हाराजा" म्हटलं की ते बोलणं एकट्याचं राहत नाही. सगळ्यांनी देवासमोर त्याची साक्ष दिली, असं होतं. म्हणून तिथे खोटं बोलायचं नसतं. हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं.

संचिताला ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तिला तो एक छान देखावा वाटला. तिने दाजींना एक वाक्य शिकवून ठेवलं होतं, आणि व्हिडिओत ते नीट यावं म्हणून दोनदा म्हणवूनही घेतलं होतं. सोमवारी सकाळी देवघरासमोर पाकिटांची रास मांडली. वाडीतले चारपाच पुरुष पुढे उभे राहिले. पाकिटं भरायला येणाऱ्या बायका मागे दाराशी थांबल्या, शर्मिला त्यांच्यात सगळ्यांत पुढे. संचिता बाजूला मोबाइल धरून उभी. दाजींनी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या घरची लेकरा तुझ्या पायाकडे उभी रवली आसत."

"व्हय म्हाराजा."

"नवो धंदो सुरू केलो आसा, तो तू सांभाळ, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." शेवंतीही म्हणाली. तिला कुणाचं वाईट चिंतायचं नव्हतं.

"जी राख आमच्या शेवंतीन जन्मभर आवडीन वापरल्यान, ती आज..."

शेवंतीने दाजींकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिचे हात उलटे करून बघणारा हाच तो माणूस, आणि सुनेच्या मोबाइलसाठी देवासमोर खोटं बोलत होता. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिला फक्त राग आला.

"ती आज गावोगाव जातली, तिका यश दी, रे म्हाराजा."

"व्हय म्हा..."

"नाय म्हाराजा," शेवंती म्हणाली.

पुरुषांचं अर्धं "म्हाराजा" तोंडातच राहिलं. गाऱ्हाण्यात कुणी "नाय" म्हटल्याचं तिथे कुणीच कधी ऐकलं नव्हतं. दाजींच्या कपाळाची शीर तटतटली. इतक्या वर्षांत त्यांना कुणी मध्ये तोडलं नव्हतं, आणि आज बायकोने तोडलं, चारचौघांत, देवासमोर. ओमकार पुटपुटला की आये, राहू दे. संचिता दातओठ खात म्हणाली, "आई, एक वाक्य होतं फक्त. पुन्हा घ्यावं लागेल आता सगळं."

"माझा गाऱ्हाणा पटणा नाय तर मगे तूच घाल," दाजींनी नारळ शेवंतीपुढे धरला. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. तिची जीभ गप्प करायला त्यांनी तो धरला होता.

शेवंतीने नारळ घेतला.

"बा देवा म्हाराजा, मी शेवंती. माका गाऱ्हाणा घालूक येणा नाय, जसा येता तसा आयक. मामाच्या खानावळीत मी राखेन भांडी घासलंय, दुसरा कायच नव्हता म्हणान. माझे हात फुटले, रगात इला, तरी घासलंय. ती राख माका एक दिवस आवडूक नाय. आवडली म्हणान जो कोण सांगता, तो तुझ्याफुडे खोटा बोलता, रे म्हाराजा."

ती थांबली. पुढे उभे असलेले पुरुष जमिनीकडे बघत राहिले. दाजीसुद्धा. पोटचा मुलगासुद्धा. शेवंतीला वाटलं, संपलं, देवाने ऐकलं असेल तर ऐकलं.

"व्हय म्हाराजा," दाराशी शर्मिला म्हणाली. मग तिच्या शेजारची म्हणाली, मग मागच्या सगळ्या एकदम म्हणाल्या. त्या बायकांचे हातही कधी काळी राखेतच गेले होते, आणि त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या आवाजाने ओटीवरचं मांजर उठून गेलं.

संचिताने मोबाइल खाली घेतला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. हे तुम्ही मुद्दाम केलंत, माझ्या कामाचा सत्यानाश केलात, असं ती म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं, कारण शेवंतीने ते मुद्दामच केलं होतं. शेवंतीने देवापुढच्या तांब्यात बोटं बुडवली, राशीतलं पहिलं पाकीट घेतलं आणि लेबलाच्या कडेवरून ओला हात फिरवला. संचिताने गोंदसुद्धा बिनविषारी हवा म्हणून भाताच्या पेजेच्या खळीने लेबलं चिकटवली होती. ती ओल्या हाताने अलगद सुटली. बायका पुढे आल्या आणि शेवंतीसोबत खाली बसल्या. बघता बघता शेवंतीच्या हसऱ्या तोंडांचा एक ढीग बाजूला झाला आणि कोऱ्या पाकिटांची रास पुन्हा देवासमोर लागली.

मग तिने नारळ दाजींच्या हातात परत दिला. "आता घाला. खरा आसात तेवढाच."

दाजींनी बराच वेळ घसा साफ केला. आवाज पहिल्यासारखा लागला नाही, पण शब्द सरळ आले. "बा देवा म्हाराजा, ही राख आसा, भांडी घासूची राख. ज्याका व्हयी आसात तो घेयत. माझ्या सुनेन तिच्यासाठी कष्ट केल्यान, तिच्या कष्टाक यश दी, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," पुरुष म्हणाले, बायका म्हणाल्या, ओमकार म्हणाला. सगळ्यांत मोठ्याने शेवंती म्हणाली. संचिता तेवढी बोलली नाही.